लाख डोळे आणि चार गिऱ्हाइके

गेल्या भाद्रपदात सालेकशाहून आम्हांस एक आठ पानी पत्र आले. लिहिणाऱ्या भगिनी एका मोठ्या एकत्र कुटुंबातील मधली सून. घरी लहानमोठी पंधरा-सोळा माणसे, वडिलोपार्जित धानाची शेती, तिला पाणी पुरविणारा मालगुजारीच्या काळातला तलाव. मामंजी निवृत्त शिक्षक. थोरले दीर शेती पाहतात, यजमान आमगावास नोकरीला जातात आणि थोरल्या जाऊबाईंचा मुलगा गोंदियास महाविद्यालयात शिकतो. दोन वर्षांपूर्वी या घराने ठरविले की, सारेच धान व्यापाऱ्याच्या काट्यावर न घालता त्यांतले काही चिन्नोर व काही एचएमटी आपल्या देखरेखीखाली, पॉलिश न करता, कांडून घ्यावे आणि ते थेट पुण्या-मुंबईच्या कुटुंबांस विकावे. त्यासाठी एक संकेतस्थळ बांधून घेतले. त्याला लागलेले पैसे बाईंच्या दोन पाटल्या मोडून उभे राहिले, हे त्यांनी पत्राच्या सातव्या पानावर, जणू सहज आठवले म्हणून, लिहिले आहे. आम्हांस वाटते, पत्र लिहावयाचे खरे कारण तेच असावे.

आषाढात पुतण्याने रोवणीचे एक रील काढून इन्स्टाग्रामवर घातले. धो धो पाऊस, गुडघाभर चिखलाच्या बांधीत ओळीने वाकलेल्या बाया, त्यांच्या हातातले हिरवेगार पऱ्हे आणि त्यांचे गाणे. आठवड्याभरात ते सव्वा लाख लोकांनी पाहिले. घरी पेढे वाटले गेले. महिनाअखेरीस मात्र संकेतस्थळावर किती माणसे येऊन गेली ते पाहिले, तो आकडा ६१! त्यांपैकी तांदूळ मागविणारे ४, आणि त्या चौघांतले दोघे पुण्याचे आप्तच. मामंजी म्हणाले, ‘लग्नाला सारा गाव आणि आहेराला कोणी नाही, असा हा व्यापार आहे, आता पुरे करा.’ बाई आम्हांस विचारतात : एवढी माणसे आली कोठून, आणि गेली कोठे?

हा प्रश्न एका घराचा नाही. आमच्या वाचकांपैकी कित्येकींच्या घरी आज पापड, मसाले, पैठणी, मुलांचे शिकवणीवर्ग किंवा कोकणातले राहते घर यांची चित्रे रोज समाजमाध्यमांवर चढत असतात आणि ‘पसंती’चे आकडे मोजले जात असतात. म्हणून या भगिनींची परवानगी घेऊन, नाव वगळून, त्यांस जे खाजगी उत्तर दिले त्यातला मुख्य भाग आम्ही येथे मांडीत आहो.

सालेकसा ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकाला, गोंदियाहून डोंगरगडकडे जाताना हे स्टेशन लागते. पुढे दरेकसा, तेथला बोगदा, जवळच हाजरा फॉल, आणि डोंगरात कचारगडच्या गुहा. मुंबई-हावडा हा हमरस्ता येथूनच जातो. किती हजार माणसे रोज या मार्गाने जात असतील! खिडकीतून पावसाळ्यातल्या बांध्या पाहतात, ‘वाहवा’ म्हणतात आणि डोंगरगड येण्याच्या आत विसरतात. त्यांतल्या फारच थोड्यांस सालेकशास उतरावयाचे असते, आणि बऱ्याच गाड्या तर तेथे थांबतच नाहीत. रील पाहणारे सव्वा लाख लोक हे असे खिडकीतले प्रवासी होत. त्यांनी काही अपराध केलेला नाही. त्यांस कोणी ‘येथे उतरा’ म्हटले नाही, आणि म्हटले असते तरी गाडी थांबविण्याची साखळी त्यांच्या हाताशी नव्हती.

ती साखळी हाताशी का नव्हती, हे नीट समजून घेतले पाहिजे. समाजमाध्यम चालविणाऱ्या कंपनीचे उत्पन्न जाहिरातींवर चालते. माणूस तिच्या अंगणात जितका वेळ रेंगाळेल तितका तिचा लाभ. तेव्हा तो अंगण सोडून आपल्या दुकानात जावा यासाठी ती स्वतःहून पायघड्या कशाला घालील? इन्स्टाग्रामवर चित्राखालच्या मजकुरात संकेतस्थळाचा पत्ता लिहिला तर तो नुसता लिहिलेलाच राहतो. त्यावर बोट टेकवून कोठे जाता येत नाही. जाण्याची वाट म्हणजे आपल्या नावाच्या ओळखपट्टीतील दुवा, आणि ‘स्टोरी’वर चिकटवावयाचे दुव्याचे लेबल. हे लेबल ऑक्टोबर २०२१ पासून लहानथोर सर्वांस मिळाले. परंतु ‘स्टोरी’ चोवीस तासांनी मावळते, ती मुद्दाम ‘हायलाइट’मध्ये जपून ठेवावी लागते. यूट्यूबनेही ३१ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या ‘शॉर्ट्‌स’च्या वर्णनातील व अभिप्रायांतील दुवे निर्जीव करून टाकले. पुतण्याने मोठ्या हौसेने प्रत्येक रीलखाली संपूर्ण पत्ता लिहिला होता. तो पत्ता लक्षात ठेवून, दुसरीकडे जाऊन, एकेक अक्षर टंकणारा पुरुष किंवा स्त्री आम्हांस तरी अद्याप भेटलेली नाही. त्यातून तो पत्ता रोमन लिपीत. ‘सालेकसा’ यात एस एक की दोन, एचएमटी जोडून की तोडून, हे आम्हांसही तीन वेळा चुकल्यावर साधले. नाव ऐकताच कोणासही बिनचूक लिहिता येईल, असा पत्ता असावा. देवनागरीत ‘.भारत’ असा पत्ता घेण्याची सोय २०१४ पासून आहे. जोडीला तोही घेऊन ठेवावा, असे आम्ही सुचविले.

यानंतर आम्ही ते संकेतस्थळ स्वतः उघडून पाहिले. आमच्या साध्या फोनवर ते उमटावयास इतका वेळ लागला की, तेवढ्यात आमच्या धाकट्या सुनेने चहा करून आणला. उमटले ते प्रथम पणजोबांचे पगडीतले भव्य छायाचित्र. त्याखाली घराण्याचा इतिहास, चार परिच्छेद. तांदूळ तिसऱ्या पानावर. किंमत त्याहून आत. आणि टपालखर्च किती, हे सर्व नाव-गाव भरून झाल्यावर अगदी शेवटच्या पायरीवर कळते! रोवणीचे गाणे ऐकून हरखलेली एखादी ठाण्याची गृहिणी येथवर आलीच, तर तिने पणजोबांस नमस्कार करून परत जावे, अशीच ही व्यवस्था होती. आम्हांस पणजोबांविषयी आदर आहे. परंतु दुकानाच्या दारात आजेसासऱ्यांची गादी घालून ठेवली तर गिऱ्हाईक मापापर्यंत पोहोचणार कसे?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. त्या रीलमध्ये तांदूळ कोठेच नव्हता. पाऊस होता, चिखल होता, गाणे होते. लोकांनी गाणे मागितले आणि गाणे घेऊन ते गेले. खालच्या अभिप्रायांत ‘पूर्ण गाणे कोठे मिळेल?’ असे विचारणारे पुष्कळ. ‘हा तांदूळ कोठे मिळेल?’ असे विचारणारे सात. त्या सातांपैकी पाचांस कोणी उत्तरच दिलेले नाही, हे आम्ही मोजून पाहिले. सव्वा लाखांचा हिशेब करीत बसलेल्या घरात हे सात गिऱ्हाईक पायरीवर उभे राहून निघून गेले.

आणि गाणे तरी कोणाचे? रोवणीस आलेल्या मजूर बायांचे. आम्ही बाईंना स्पष्टच विचारले की, त्यांस विचारून हे चित्रण केले होते काय? त्यांची नावे कोठे घातली काय? तोंडे ओळखू येतात, ते त्यांस चालते काय? पत्रातल्या उत्साहात या गोष्टीचा उल्लेख नव्हता. आपल्या तांदळाकडे जे डोळे वळले ते दुसऱ्याच्या गळ्यामुळे वळले असतील, तर त्या गळ्याचे देणे आधी फेडले पाहिजे. पुतण्याचा बेत असा होता की, माघी पौर्णिमेस कचारगडच्या यात्रेस निरनिराळ्या प्रांतांतून गोंड समाज लोटतो, तेथे जाऊन आणखी मोठे रील करावे. यात्रेस जरूर जावे, तेथले काही शिकावे; परंतु दुसऱ्याच्या देवकार्यास आपल्या तांदळाच्या पोत्यामागचा पडदा करू नये, असे आम्ही त्यास कळविले. त्यास राग आला असावा.

या बाबतीत विदर्भाच्या धानपट्ट्यातलेच एक उदाहरण आहे. ज्या एचएमटी तांदळाचा हे घर व्यापार करते, तो वाण चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाच्या खेड्यात दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने निवडून काढला. १९८३ साली आपल्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या त्यांच्या नजरेस पडल्या. त्या त्यांनी वेगळ्या ठेवल्या, पुनःपुन्हा पेरल्या, आणि बारीक दाण्याचा, उत्तम शिजणारा तांदूळ तयार झाला. नाव मिळाले ते त्या काळी मनगटा-मनगटावर असलेल्या घड्याळाचे. हा तांदूळ हा हा म्हणता कितीतरी प्रांतांत पसरला. व्यापाऱ्यांच्या पाट्यांवर, गिरण्यांच्या पोत्यांवर, हॉटेलांच्या भातात एचएमटी हे नाव झाले. राष्ट्रीय पातळीवर त्यांचा सन्मान व्हावयास २००५ साल उजाडले. पैसा तर त्यांच्या घरी फारसा आलाच नाही, आणि २०१८ च्या जून महिन्यात ते हलाखीतच गेले. नाव गाजले, पण त्या नावास नांदेडचा पत्ता जोडलेला नव्हता. पोत्यावर एक ओळ असती, तर? आम्ही सालेकशाच्या घरास सुचविले की, आपल्या एचएमटीच्या पिशवीवर व पानावर खोब्रागडे यांचे नाव व गाव छापा. त्याने विक्री वाढेल किंवा न वाढेल. छापणे योग्य आहे.

लक्ष वेधणे आणि माल खपविणे यांचा मेळ घालण्याची विद्या मराठी माणसास नवी मात्र नाही. आमच्या पुष्कळ वाचकांच्या आजीच्या ट्रंकेत ‘किर्लोस्कर’ मासिकाचे जुने अंक सापडतील. त्याचा जन्म कसा झाला, हे आठवावे. औंध संस्थानच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखान्याची वसाहत उभी केली. लोखंडी नांगर विकावयाचा होता, आणि लोखंडाच्या फाळाने जमिनीस विष चढते असा कुणब्यांचा समज होता. अशा लोकांस नुसते ‘आमचा नांगर घ्या’ म्हणून काय उपयोग? १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक काढले. प्रथम त्याचा हेतू कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांस द्यावी, एवढाच. परंतु शंकररावांस मासिक चालविण्याची दृष्टी होती. त्यांनी ओळखले की, वाचणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या उपयोगाचे व आनंदाचे काही मिळाले तरच तो पुढच्या महिन्यास आपली वाट पाहील. ‘खबर’ हळूहळू घराघरांतले मासिक झाले. पुढे त्याच वाडीतून १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ निघाले.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे, आणि आमच्या मते सारी मेख त्यातच आहे. ‘खबर’ वाचणारा मनुष्य किर्लोस्करवाडीच्या अंगणात येऊन वाचीत होता. अंक वाडीचा, छपाई वाडीची, आणि वर्गणीदारांची वही वाडीच्याच कपाटात. कोणी तिसरा मधे उभा राहून, ‘आजपासून तुमचा अंक दहांतल्या एकासच दाखवीन’ असे म्हणू शकत नव्हता. सालेकशाच्या पुतण्याची वही मात्र परक्याच्या कपाटात आहे. ते कपाट केव्हा बंद होईल याचा नेम नाही. २०१४ च्या सप्टेंबरात ऑर्कुट मिटले. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपांवर बंदी घातली. ती का घातली हा प्रश्न वेगळा, पण महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतील कित्येक हौशी कलावंतांची वर्षानुवर्षे जमविलेली सारी मंडळी त्या एका दिवशी पांगली, आणि त्यांस परत बोलावण्यास त्यांच्यापाशी एकाचाही पत्ता नव्हता. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी तर फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप ही तिन्ही एकदम सुमारे सहा तास बंद पडली होती. भाड्याच्या ओसरीवर दुकान मांडावे; तिजोरी तेथे ठेवू नये.

म्हणून आमचा पहिला सल्ला रीलविषयी नसून वहीविषयी होता. ज्याने एकदा तांदूळ घेतला त्याचे नाव, गाव, फोन व ‘पुढच्या हंगामाची सूचना पाठवू का?’ या प्रश्नाचे त्याने दिलेले उत्तर, एवढे घरच्या वहीत उतरवावे. ‘हो’ म्हणेल त्यालाच पाठवावे, आणि वर्षातून चारपाच वेळांहून अधिक पाठवू नये. सकाळी उठून सुविचार तर कधीच पाठवू नयेत. पिशवीत एक चिठ्ठी असावी; तिच्यावर चौकटीची ठिपकेदार खूण छापून ती फोनने टिपताच चिन्नोर किती पाण्यात, किती वेळ भिजवून, कसा शिजवावा याचे पान उघडावे. पॉलिश न केलेला तांदूळ शहरातल्या मुली नेहमीच्या मापाने कुकरमध्ये लावतात, तो कच्चा राहतो, आणि दोष तांदळावर येतो. या एका पानासाठी माणसे परतून येतील. नव्या माणसापेक्षा परतून येणारे माणूस अधिक मोलाचे.

मग रीलविषयी. एका रीलमध्ये एकच गोष्ट दाखवावी आणि एकच गोष्ट मागावी. कांडपातून निघालेला तांबूस दाणा व बाजारचा पांढराशुभ्र दाणा ओंजळीत शेजारी शेजारी धरून दाखविला, आणि शेवटी ‘या हंगामाचा तांदूळ आला आहे, आमच्या नावावर बोट ठेवा, तेथे दुवा आहे’ एवढे घरच्या माणसाने तोंडाने सांगितले, तर पुरे. तो दुवा पणजोबांपाशी न नेता नेमका त्याच तांदळापाशी नेणारा असावा. जिज्ञासा ज्या गोष्टीची जागविली तीच गोष्ट दार उघडताच दिसली पाहिजे. नाहीतर मनुष्य फसल्यासारखा परत फिरतो.

येणारा कोठून आला हे ओळखण्याचीही एक सोपी युक्ती आहे. संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेपटीस प्रश्नचिन्ह जोडून पुढे ठरावीक पद्धतीने एखादी खूण लिहिली, तरी पान तेच उघडते. मात्र मोजणी करणाऱ्या यंत्रणेत त्या खुणेनिशी नोंद होते. इन्स्टाग्रामसाठी एक खूण, फेसबुकसाठी दुसरी, व्हॉट्सॲपसाठी तिसरी, पिशवीतल्या चिठ्ठीसाठी चौथी. हे केले नाही तर व्हॉट्सॲपवरून आलेली मंडळी बहुधा ‘आपोआप आलेले’ या सदरात जमा होतात, आणि ज्या नणंदबाईंनी आपल्या सोसायटीच्या गटात चार ओळी लिहून दहा गिऱ्हाइके पाठविली त्यांचे श्रेय रीलच्या खाती पडते. एकत्र कुटुंबात असे श्रेय चुकीच्या खाती पडू देणे धोक्याचे असते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

टपालखर्चाचा प्रश्न सर्वांत अवघड, आणि तो कोणत्याही युक्तीने झाकू नये. तांदूळ जड आणि स्वस्त. एक किलोची पिशवी सालेकशाहून पुण्यास पाठविली तर पाठवणीचा खर्च कित्येकदा तांदळाच्या किमतीशी स्पर्धा करतो. तो आकडा पहिल्याच पानावर, किमतीच्या शेजारी असावा. शेवटच्या पायरीवर तो पाहून परत फिरलेली गृहिणी पुन्हा येत नाही. लहान पिशव्यांचा नाद सोडून पाच-दहा किलोंची मापे ठेवावी, आणि पुण्याच्या आप्तांच्या घरी एकदम माल उतरवून तेथून शेजारपाजारी वाटावा, हे आम्ही सुचविले. पुण्याच्या काकूंस हे पसंत पडेल की नाही, याची शाश्वती आम्ही घेतली नव्हती.

दुसरे पत्र मार्गशीर्षाच्या शेवटी आले. यावेळी तीनच पाने. बाई आणि पुतण्या मिळून त्या मजूर बायांच्या घरी जाऊन आले. एकीने आपला चेहरा नको म्हणून सांगितले; तेवढा भाग काढून टाकला. बाकीच्यांची तक्रार वेगळीच होती : ‘आमची नावे का घातली नाहीत?’ ती आता घातली आहेत, आणि रोवणीचे गाणे पुरते ध्वनिमुद्रित करून त्यांच्याच नावाने ठेवले आहे. कांडपाचे नवे रील ९ हजार लोकांनीच पाहिले. पुतण्या दोन दिवस जेवताना बोलला नाही. पण त्या ९ हजारांतून दुव्यावरून ३१० माणसे पानावर आली आणि २२ घरांनी नवा तांदूळ मागविला. व्हॉट्सॲपच्या खुणेने आणखी १४ घरे आली. ती नणंदबाईंची, हे आता वहीत स्पष्ट नोंदलेले आहे. पाटल्या परत येण्यास अजून बराच अवकाश आहे, असे बाई लिहितात. पुण्याच्या काकूंनी ओसरी मोकळी करून दिली, मात्र रविवारी दुपारी कोणी घंटा वाजवू नये अशी अट घातली.

मामंजी रोज संध्याकाळी दिवा लागल्यावर विचारतात, ‘आज किती उतरले?’ पणजोबांच्या छायाचित्राचा आग्रह मात्र त्यांनी सोडलेला नाही. पुष्कळ वाटाघाटीनंतर ते आता त्याच पानाच्या तळाशी, टपालखर्चाच्या कोष्टकाखाली आहे.